बिडाचा तवा : निवड, निगा आणि वारसा

(आपल्या मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपल्या वार्षिक संमेलनात शिक्षणनिधी, विद्यार्थ्यांचा गुणगौरव, वधूवरसूचक शाखेचे कार्य अशा महत्त्वाच्या विषयांचा ऊहापोह होत असतो. अशा व्यासपीठावरून स्वयंपाकघरातील एका काळ्या आणि जड भांड्याविषयी चार शब्द बोलण्याची अनुज्ञा आम्हांस मिळाली, याबद्दल आम्ही चालकांचे ऋणी आहोत. विषय क्षुल्लक आहे असे कोणास वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या वस्तूशी घराचा दिवसातून दोनदा संबंध येतो आणि जिच्यावर घरातील माणसांचे खाणे अवलंबून असते, ती वस्तू क्षुल्लक कशी म्हणावी?

हा विषय आम्ही निवडला याचे कारण आपल्याच ज्ञातीत घडत आलेली एक गोष्ट होय. गेल्या कित्येक वर्षांत आपल्यातील पुष्कळ कुटुंबांनी गावाकडील घरे आवरली, जुने वाडे जाऊन त्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या. ही आवराआवर करताना तांब्यापितळेची भांडी जपून ठेवली गेली, कारण त्यांचे मोल सर्वांस ठाऊक होते. बिडाचे तवे, कढया आणि आप्पेपात्रे मात्र 'गंजली आहेत' एवढ्या कारणाने भंगारवाल्याच्या काट्यावर गेली. पुढे त्याच घरांतील मुलीसुना शहरातील दुकानांतून हजार-दीड हजार रुपये देऊन बिडाचा नवा तवा घेऊन आल्या, त्यावर पहिलेच घावन चिकटले, दुसरे फाटले आणि चार आठवड्यांत तो तवाही ओट्याखाली जाऊन बसला. आजीचा तवा गेला आणि नवा चालेना, अशी ही दुहेरी हानी आहे.

ती होते याचे कारण आमच्या मते एकच आहे. बिडाचा तवा दुकानात मिळतो तो अर्धाच असतो. उरलेला अर्धा घरात, तेल, आच आणि नित्याचा वापर यांनी तयार होतो. ही दुसऱ्या अर्ध्याची विद्या कोठे लिहिलेली नव्हती. ती सासूकडून सुनेकडे आणि आईकडून लेकीकडे हातांनीच जात असे. ज्या घरी ती साखळी तुटली, तेथे तवाही टिकला नाही. आज ती विद्या शक्य तितक्या सोप्या शब्दांत आपणापुढे मांडण्याचा आमचा हेतू आहे.

प्रथम बीड म्हणजे काय ते पाहू. लोहार तापवून, ठोकून जे भांडे घडवितो ते घडीव लोखंड. पत्रा दाबून जो पातळ तवा करतात, ज्यावर आपण रोजची पोळी भाजतो, तो पोलादी पत्र्याचा तवा. बीड या दोहोंहून निराळे आहे. त्यात कार्बनचे प्रमाण शेकडा २ ते ४ इतके असते. शुद्ध लोखंड वितळावयास सुमारे १५४० अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. बीड ११५० ते १२०० अंशांच्या आसपासच पातळ होते. म्हणून ते वाळूच्या साच्यात ओतता येते आणि हवा तो आकार घेते. इंग्लंडात अब्राहम डार्बी याने लोखंडी भांडी वाळूच्या साच्यात ओतण्याचे पेटंट १७०७ साली घेतले, तेव्हापासून तिकडे ही भांडी सामान्य घरांत स्वस्तात पोहोचू लागली. चीनमध्ये ओतकामाची कला त्याच्याही दोन हजार वर्षे आधीपासून होती. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली आणि तेथे ओतलेल्या नांगरांनी शेतकऱ्यास या धातूची ओळख करून दिली. लोखंडी नांगराने जमिनीत विष कालवले जाते, अशी समजूत त्या काळी होती. ती दूर करावयास त्यांस पुष्कळ खटपट करावी लागली. कोल्हापूर आणि बेळगाव ही गावे ओतकामासाठी आजही प्रसिद्ध आहेत.

जो कार्बन बिडास वितळण्यास सोपे करतो, तोच त्यास ठिसूळही करतो. धातूच्या पोटात तो शिशपेन्सिलीतील ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपाने पसरलेला असतो. पत्र्याचा तवा पडला तर त्यास पोचा येतो. बिडाचा पडला तर तो तडकतो. ही एक गोष्ट ध्यानात ठेवली की पुढील निम्मे नियम आपोआप समजतात.

आता त्याचे गुण पाहू. बीड उष्णता लवकर पसरविते असा एक समज आहे, तो बरोबर नाही. ॲल्युमिनियम बिडाच्या चौपटीहून अधिक वेगाने उष्णता वाहून नेते. इतकेच नव्हे, तर वजनास वजन घेतल्यास ॲल्युमिनियम उष्णता धरतेही अधिक. मग बिडाचे वैशिष्ट्य ते काय? वैशिष्ट्य त्याच्या जाडीत आणि वजनात आहे. बिडाचा १० इंची तवा सुमारे २ किलोंचा असतो. एवढा धातू एकदा तापला की त्यात उष्णतेचा मोठा साठा होतो. त्यावर आंबोळीचे थंड पीठ घातले तरी तवा एकदम निवत नाही आणि पिठास लगेच जाळी पडते. हलक्या तव्यावर तेच पीठ आधी भिजत राहते आणि मग चिकटते. कोकणात घावनासाठी 'भिडे' हवे असा आग्रह जुन्या गृहिणी धरीत, तो काही केवळ हट्ट नव्हता. थालीपीठ, धिरडे, आंबोळी, घावन, आप्पे या सर्वांची चव या साठवलेल्या आचेत आहे.

आता निवडीकडे वळू. शनिवारी लोखंड घरी आणू नये असे मानणारी कुटुंबे आपल्यात आहेत. त्यांनी ते शुक्रवारी आणावे. पण कोणत्याही वारी आणावयाचे झाले तरी डोळसपणे पारखून आणावे.

तवा हाती घेतल्यावर तो सपाट फरशीवर ठेवून पाहावा. डगमगणारा तवा शेगडीवरही डगमगेल. नंतर तो एका हाताने अधांतरी धरून बोटाच्या पेराने वाजवावा. धड बिडाचा नाद स्वच्छ येतो, तडा असल्यास आवाज बद्द येतो. माठ घेताना आपण जे करतो तेच येथे करावे. मग आतील पृष्ठभागावरून तळहात फिरवावा. ओतताना हवा अडकल्यास लहान छिद्रे राहतात. त्यांत पीठ अडकते आणि पुढे तेथेच गंज धरतो. काही तवे साच्यातून निघतात तसेच, वाळूच्या खरखरीत पोताचे विकतात, तर काही लेथवर कातून गुळगुळीत केलेले असतात. कातलेले महाग असतात, पण नवशिक्या हातास ते लवकर वळतात. खरखरीत तवाही उत्तम चालतो, त्यास केवळ काही महिन्यांचा अवधी द्यावा लागतो.

रंगाने फसू नये. काळा रंग म्हणजे बीड नव्हे. लहानसा लोहचुंबक जवळ ठेवल्यास काळा रंग दिलेले ॲल्युमिनियम तत्काळ उघडे पडते. पत्र्याच्या तव्यासही चुंबक चिकटतो, म्हणून वजन आणि जाडीही पाहावी. तेल लावलेल्या पांढऱ्या फडक्याने आतून पुसावे. थोडी काळसर छटा आली तर चिंता नाही. परंतु रंगाची पापुद्री निघू लागली तर तो तवा परत करावा. आकार आपल्या शेगडीच्या जाळाशी मिळता असावा. लहान बर्नरवर फार मोठा तवा ठेवल्यास मधला भाग करपतो आणि कडा कच्च्या राहतात. घरात वृद्ध स्त्रिया असतील, मनगट दुखत असेल, तर लांब दांड्याचा मोठा तवा घेऊ नये. दोन कानांचा, ८ किंवा ९ इंची तवा दोन हातांनी उचलता येतो.

जुन्या बाजारातील अनोळखी तवा घेताना एक सावधगिरी बाळगावी. अशा भांड्यांत कधी कधी शिसे वितळविलेले असते आणि ते सहसा दिसून येत नाही. घरातील, परिचयाच्या जुन्या तव्यास मात्र काही प्रश्न नाही. तो मिळाल्यास नव्याचा विचारच करू नये.

आता तवा तयार करण्याची, म्हणजे हल्ली ज्यास सीझनिंग म्हणतात ती कृती सांगतो. तेलाचा अत्यंत पातळ थर पुरेसा तापविला की तो तेल राहत नाही. त्याचे कण एकमेकांस जोडले जाऊन धातूवर एक कठीण, काळसर, गुळगुळीत कवच तयार होते. असे थरावर थर बसत गेले की तव्यास झिलई येते. येथे 'अत्यंत पातळ' या शब्दांवर आमचा भर आहे. तेल जास्त लावले की कवच होत नाही, चिकट डिंकासारखा लेप होतो. नव्या तव्याविषयी ज्या तक्रारी ऐकू येतात, त्यांपैकी बहुतेकींचे मूळ या सढळ हातात असते.

नवा तवा प्रथम साबणाच्या कोमट पाण्याने घासून धुवावा, कारण गंज चढू नये म्हणून कारखान्यात त्यास तेल किंवा मेण लावलेले असते. लगेच फडक्याने कोरडा करून मंद आचेवर पाच मिनिटे ठेवावा. सहन होण्याइतका गरम असताना चमचाभर शेंगदाण्याचे किंवा जवसाचे तेल आतून, बाहेरून आणि कानांसही चोळावे. मग स्वच्छ कोरड्या फडक्याने ते सर्व तेल असे पुसावे, की जणू ते चुकून लागले होते. जे पुसूनही राहते तेवढेच हवे असते. आता तवा आचेवर ठेवून धूर येऊन थांबेपर्यंत तापवावा. खिडक्या उघड्या ठेवाव्यात. मग आच बंद करून तो आपोआप निवू द्यावा. असे तीन-चार वेळा करावे. घरी विजेची भट्टी असल्यास २०० ते २३० अंशांवर तासभर, तवा पालथा घालून ठेवावा; थर अधिक सारखा बसतो. कित्येक घरांत तवा दोन-तीन दिवस तांदळाच्या धुवणात भिजत ठेवून मग तेलात कांदा परतण्याची चाल आहे. तीही चांगली आहे. केवळ धुवणातून काढल्यावर तो तत्काळ कोरडा करावा.

पहिले काही दिवस त्यावर तेलकट पदार्थ करावेत. थालीपीठ त्यास सर्वांत उत्तम. अर्धा कांदा सुरीच्या टोकास टोचून, तेलात बुडवून तव्यावर फिरवावा, किंवा कोकणातल्याप्रमाणे नारळाच्या शेंडीने तेल लावावे. घावनास आणि आंबोळीस घाई करू नये. तवा मंद आचेवर पाच-सात मिनिटे तापू द्यावा आणि पाण्याचे दोन थेंब नाचू लागले की पीठ घालावे.

नित्याची निगा फार थोडी आहे, पण ती नित्याची आहे. स्वयंपाक झाला की तवा कोमट असतानाच पाण्याने आणि काथ्याने घासावा. साबण लागला तर तव्याचा नाश होतो असे म्हणतात. हल्लीच्या सौम्य साबणाने तसे होत नाही. पूर्वीच्या तीव्र क्षाराच्या साबणामुळे ती समजूत रूढ झाली असावी. खरा शत्रू साबण नसून ओल होय. तवा मोरीत रात्रभर भिजत पडला की सकाळी त्यावर तांबूस गंज दिसणारच. म्हणून धुतल्यावर फडक्याने पुसावा, मिनिटभर आचेवर धरावा आणि तेलाचे बोट फिरवून पुन्हा पुसावा. या सर्वांस दोन मिनिटे लागतात. तवा पुष्कळ दिवस ठेवावयाचा असल्यास तेलाचा जाड हात देऊ नये; ते खवट होते. कोरड्या कागदात गुंडाळून ठेवावा. पावसाळ्यात, विशेषतः मुंबईत आणि कोकणात, पंधरा दिवसांनी उघडून पाहावा.

तापल्या तव्यावर पाणी ओतू नये म्हणून आपल्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रिया रागावत आणि ते अशुभ मानीत. शुभाशुभाचा विचार ज्याचा त्याने करावा; बिडाच्या बाबतीत मात्र तो नियम अक्षरशः खरा आहे. ठिसूळ धातू एकाएकी निवला की तडकतो. घावनावर चार थेंब शिंपडणे वेगळे आणि तापला तवा नळाखाली धरणे वेगळे. इंडक्शनच्या शेगडीवर बीड चालते. पण तेथेही आच हळूहळू वाढवावी आणि तवा काचेवरून ओढू नये, उचलून ठेवावा.

गंजलेला तवा टाकून देऊ नये, हे आमचे आजचे सर्वांत आग्रहाचे सांगणे आहे. गंज हा बिडाचा अंत नव्हे, ती वरवरची व्याधी आहे. खरखरीत घासणीने किंवा विटेच्या भुकटीने तो घासून काढावा. फारच असल्यास समभाग पाणी आणि व्हिनेगर यांत अर्धा तास ठेवून घासावा, मात्र त्याहून अधिक वेळ ठेवू नये. मग धुवून, कोरडा करून, वर सांगितल्याप्रमाणे तेलाचे तीन-चार हात द्यावेत. वीस वर्षे माळ्यावर पडलेला तवा एका रविवारी पुन्हा कामास येतो. तडा गेलेला तवा मात्र मोडीत द्यावा. त्यास उपाय नाही.

आता आरोग्याविषयी. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी देशात शेकडा ५७ आणि महाराष्ट्रात शेकडा ५४ स्त्रियांत रक्तक्षय आढळला. आपली ज्ञाती यास अपवाद असेल असे मानावयास काही आधार नाही. लोखंडी भांड्यातून अन्नात लोह उतरते, हे सिद्ध झालेले आहे. इथिओपियातील मुलांवर झालेला एक प्रयोग 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात १९९९ साली प्रसिद्ध झाला. त्यात लोखंडी भांड्यातील अन्न खाणाऱ्या मुलांच्या रक्तात ॲल्युमिनियमच्या भांड्यातील अन्न खाणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारणा दिसली. पण सर्वच ठिकाणी असे घडले नाही. मालावीतील पाहणीत भांडी जड आहेत आणि गंजतात अशी लोकांची तक्रार आढळली. म्हणजे भांडे देऊन भागत नाही. ते वापरण्याची विद्याही बरोबर द्यावी लागते.

शिवाय हेही समजून घ्यावे, की कोरड्या भाकरीत किंवा घावनात लोह फारसे उतरत नाही. ओल्या, आंबट आणि अधिक वेळ शिजणाऱ्या पदार्थांत ते उतरते. परंतु तोच आंबटपणा तव्याचे कवचही खातो. म्हणून आमची सूचना अशी, की भाजण्यासाठी तवा आणि पालेभाज्या-उसळींसाठी बिडाची कढई, अशी दोन भांडी ठेवावीत. टोमॅटो, चिंच, कोकम, ताक तव्यावर आणू नये. मुरलेल्या कढईत थोडा वेळ चालते. आवळा, वांगे, कच्चे केळे काळे पडते ते त्यांतील तुरट द्रव्याचा लोहाशी संयोग झाल्याने; ते विष नव्हे, पण रूप जाते. भाजी शिजताच दुसऱ्या भांड्यात काढावी, नाहीतर तिला धातूची चव लागते. जेवणावर लगेच चहा घेऊ नये, त्याने लोह अंगी कमी लागते; लिंबू घ्यावे, त्याने अधिक लागते. कढई ही औषधाची जागा घेत नाही. रक्तक्षयावर वैद्यकीय सल्ला घ्यावाच. आणि थॅलॅसेमिया किंवा शरीरात लोह साठण्याचा विकार असलेल्यांनी बिडाची कढई वापरण्यापूर्वी डॉक्टरांस विचारावे.

नॉनस्टिक भांड्यांस शिव्या देण्यासाठी आम्ही उभे नाही. त्यांवरील टेफ्लॉनचा लेप साध्या आचेवर निरुपद्रवी असतो. तो २६० अंशांपलीकडे बिघडू लागतो, म्हणून रिकामे भांडे मोठ्या आचेवर सोडू नये इतकेच. पण त्या लेपाचे आयुष्य ठरलेले आहे. पहिल्या दिवशी तो सर्वांत चांगला असतो आणि पुढे झिजत जातो. बिडाचे याच्या उलट आहे. पहिल्या दिवशी तो सर्वांत वाईट असतो आणि विसाव्या वर्षी सर्वांत चांगला. एकास बदलावे लागते, दुसऱ्यास वाढवावे लागते.

आणि म्हणूनच, बंधूंनो, हे शेवटचे शब्द आपणांस उद्देशून आहेत. दोन किलोंचा तवा रोज उचलणे, घासणे, वाळविणे हे ओझे एकट्या गृहिणीच्या मनगटावर टाकून 'आमच्या घरी आजीचा तवा आहे' असा अभिमान मिरविणे न्याय्य नव्हे. तवा घराचा असेल तर त्याची निगाही घराची असावी. जेवणानंतर तो पुसून, तापवून, तेलाचे बोट फिरवून ठेवणे हे दोन मिनिटांचे काम मुलाने किंवा त्याच्या वडिलांनी करण्यास कोणत्याही शास्त्राची आडकाठी नाही.

आपल्या मंडळास आमच्या दोन विनंत्या आहेत. पुढील वर्षी संमेलनाच्या दिवशी सभासदांनी आपले गंजलेले तवे आणावेत आणि जाणत्या भगिनींनी ते तयार करून दाखवावेत. खर्च तेलाचा आणि काथ्याचा. दुसरी विनंती, आपल्या ज्ञातीत विवाहप्रसंगी रुखवतात भांडी मांडण्याची चाल आहे. त्यांत लेकीसाठी एक बिडाचा तवा असावा, आणि तो कोरा नसावा. आईने वर्षभर आपल्या घरी वापरून, मुरवून मगच तो तिच्या हाती द्यावा. तसाच एक वराच्या मातेनेही आपल्या मुलास, वापरावयास शिकवून द्यावा. लेकीबरोबर आलेल्या तव्यावर माहेरची दोनतीनशे थालीपिठे आधीच झालेली असतील, आणि नव्या घरी पहिले घावन चिकटणार नाही.